लठ्ठपणा रोखण्याचं काम गावात-गल्लीत कसं उभं करायचं: सीमाभागातल्या मंडळांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागातली महिला मंडळं, युवक मंडळं, शाळेच्या एसडीएमसीचे (शाळा विकास व देखरेख समितीचे) सदस्य आणि नव्याने कामाला लागलेल्या आशाताई यांच्यासाठी हा लेख आहे. एका गावात किंवा शहरातल्या एका गल्लीत वर्षभर काय करायचं, कशाने मोजायचं, कुणाला भेटायचं आणि काम कुठे फसतं, हे त्यात क्रमाने दिलं आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत देशातल्या २०.६ टक्के स्त्रिया आणि १८.९ टक्के पुरुष जादा वजनाचे निघाले. २०१९-२१ च्या फेरीत हेच आकडे २४ आणि २२.९ झाले. ही गणती बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, काढायची रीत चौथ्या भागात) २५ धरून केलेली आहे. आपल्या लोकांना मधुमेह आणि रक्तदाबाचा धोका २३ पासूनच वाढायला लागतो, म्हणजे काळजी घ्यायला हवी अशी माणसं याहून बरीच जास्त आहेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. नुसतं भाषण आणि एक दिवसाचं शिबिर यातून काही साधत नाही. माणूस काय खातो हे घरातली तेलाची पळी, चहाचं पातेलं, शाळेसमोरचं दुकान आणि देवळातला महाप्रसाद यांवर ठरतं. तो किती चालतो, हे रस्त्यावर दिवा आहे की नाही यावर ठरतं. म्हणून माणसाला बोल लावू नका, या जागा बदला.

१. कार्यक्रम ठरवण्याआधी माणसं गाठा

पहिला महिना फक्त भेटींचा ठेवा. पहिली भेट आशाताईंची आणि उपकेंद्रातल्या आयुष्मान आरोग्य मंदिराच्या सीएचओंची (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांची). तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासणं, सीबॅक फॉर्म (आजाराच्या धोक्याचे गुण मांडणारा) भरणं हे त्यांचं ठरलेलं काम आहेच. तुमचा उपक्रम त्या कामाला जोडला तर त्यांना मदत होते आणि तुम्हाला तपासणीची सोय मिळते. वेगळी चूल मांडली तर त्याच बायकांची दोनदा मोजणी होते आणि तिसऱ्यांदा कुणी येत नाही.

दुसरी भेट ग्रामपंचायतीच्या पीडीओंची (पंचायत विकास अधिकाऱ्यांची). शहरात असाल तर वॉर्डाच्या नगरसेवकाची. तिसरी भेट मुख्याध्यापक आणि एसडीएमसी अध्यक्षांची, आणि चौथी गल्लीच्या पंच मंडळींची. ही शेवटची भेट लोक विसरतात. समुदाय भवनाची किल्ली, देवळाचा सभामंडप, महाप्रसादाचा बेत हे सगळं पंचांच्या हातात असतं.

अर्ज कानडीत लिहून न्या आणि त्याला मराठी प्रत जोडा. कार्यालयाचं काम कानडीतून चालतं. फक्त मराठी अर्ज दिला तर तो 'नंतर बघू' म्हणून बाजूला पडू शकतो आणि तुमचा महिना जातो. गावातला कानडी माध्यमात शिकलेला एखादा मुलगा हे काम अर्ध्या तासात करून देतो.

२. साहित्य आणि कागद

साहित्य फार लागत नाही:

- डिजिटल वजनकाटा, १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा, किमान १५० किलो क्षमतेचा. जोडीला जादा बॅटरी
- उंचीसाठी २ मीटरची स्टीलची टेप आणि सुताराचा गुण्या
- कंबरेसाठी न ताणली जाणारी टेप
- रक्तदाबाचं यंत्र, शक्यतो आशाताई किंवा सीएचओंकडचं, मोठ्या मापाच्या पट्ट्यासह (जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर दाब खोटा जास्त दिसतो)
- जाड पुठ्ठ्याची नोंदवही, पडद्याला एक चादर

कागद एवढे हवेत: पंचायतीला दिलेल्या अर्जाची पोच, जागा वापरण्याची पंचांची किंवा शाळेची लेखी परवानगी, शाळेत मोजणी असेल तर एसडीएमसीचा ठराव आणि पालकांची संमतीपत्रं. वर्गणी गोळा करणार असाल तर पावतीपुस्तक पहिल्या दिवसापासून ठेवा.

नोंदवहीत नाव एका पानावर आणि आकडे दुसऱ्या पानावर ठेवा, मध्ये फक्त अनुक्रमांक. आकड्यांचं पान कुणालाही दाखवता येतं, नावांचं पान दोघींपेक्षा जास्त जणींकडे जाऊ नये. रकाने इतकेच: वय, स्त्री की पुरुष, उंची, वजन, कंबर, रक्तदाब, आठवड्यात किती दिवस चालणं, दिवसाला चहात किती चमचे साखर, घरात माणशी किती तेल, दवाखान्यात पाठवलं का. वही जाड आहे म्हणून आणखी रकाने पाडू नका. प्रत्येक रकान्यामागे रांग मिनिटभर वाढते.

सरकारी कार्ड बहुतेकदा कानडीत असतं आणि आपल्या घरातल्या थोरल्या माणसांना ते वाचता येत नाही. कार्डावरचे हे शब्द मराठीत लिहून फलकावर लावा: तूक म्हणजे वजन, एत्तर म्हणजे उंची, सोंट म्हणजे कंबर, रक्तदोत्तड म्हणजे रक्तदाब, सक्करे कायिले म्हणजे मधुमेह, बोज्जू म्हणजे लठ्ठपणा.

३. मोजणी: इथे चुकलात तर पुढचं सगळं चुकतं

दिवस निवडताना सुगी टाळा. भाताची कापणी-मळणी चालू असताना कुणी येत नाही. डिसेंबरात तयारी आणि जानेवारीत मोजणी हे आपल्या भागाला सोयीचं पडतं. सकाळी उपाशीपोटी मोजणं उत्तम, पण शेतावर जाणाऱ्या बायकांना ते जमत नसेल तर दुपारी मोजा. फेरमोजणीही त्याच वेळेला करायची, हे मात्र सांभाळा.

*वजन.* काटा शेणाने सारवलेल्या जमिनीवर किंवा सतरंजीवर ठेवू नका. शहाबादी फरशीवर ठेवा आणि चारही कोपरे दाबून डुगडुगत नाही ना ते पाहा. सुरुवातीला किराणा दुकानातून शिक्का असलेलं २० किलोचं माप आणून काट्यावर ठेवा. आकडा २० च्या १०० ग्रॅम आत आला पाहिजे. दर ३० माणसांनंतर हे माप पुन्हा ठेवा. बॅटरी उतरली की काटा बंद पडत नाही, आधी चुकीचं वजन दाखवायला लागतो. चपला, स्वेटर, कमरेचा बटवा, मोबाइल, किल्ल्यांचा जुडगा हे सगळं काढून ठेवायला सांगा.

*उंची.* भिंतीच्या पायाशी फरशीची पट्टी बसवलेली असेल तर तिथे उंची मोजू नका. टाच पुढे राहते आणि पाठ भिंतीला टेकत नाही. सपाट भिंत शोधा, टेपचा शून्य जमिनीला लावून टेप दोन ठिकाणी चिकटवा. अनवाणी पाय, टाचा जुळलेल्या, नजर समोर. गुण्या डोक्यावर आडवा टेकवून आकडा वाचा. अंबाडा डोक्याच्या वर असेल तर सोडायला लावा, नाहीतर तीन सेंटिमीटर फुकट वाढतात.

*कंबर.* सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे घाई करू नका. जागा पोटाच्या घेरावरची नाही, बेंबीवरची नाही आणि पँटच्या पट्ट्यावरचीही नाही. शेवटची बरगडी बोटाने चाचपा, खाली कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपा, दोन्हींच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करा. टेप त्या खुणेवरून जमिनीला समांतर फिरवा, माणसाला सहज श्वास सोडू द्या आणि श्वास सोडल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढलेलं नको. सहावारी साडीत परकराची गाठ आणि निऱ्यांचा खोचा बहुधा मोजणीच्या जागीच येतो. त्यावरूनच टेप फिरवली तर कंबर काही सेंटिमीटर जास्त येते. पडद्यामागे परकर चार बोटं खाली सरकवून मोजायचं आणि मोजणारी बाईच हवी.

शिंप्याकडची जुनी कापडी टेप वापरू नका, ती ताणून लांबलेली असते. नवीही स्टीलच्या टेपशेजारी ठेवून एकदा पडताळा. दोनदा मोजा, दोन आकड्यांत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा.

आकडा मोठ्याने ओरडून सांगू नका. काट्यासमोर बसलेली बाई आकडा लिहील आणि त्या माणसाला चिठ्ठी देईल, बस्स. रांगेतल्या चार जणींनी वजन ऐकलं तर पाचवी घरी जाते, आणि बहुधा तीच तपासणीची खरी गरज असलेली असते.

४. आकडा वाचायचा कसा आणि कुणाला कुठे पाठवायचं

बीएमआयसाठी किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. उदाहरणार्थ वजन ६२ किलो, उंची १५२ सेंटिमीटर. १.५२ गुणिले १.५२ म्हणजे २.३१, ६२ भागिले २.३१ म्हणजे २६.८. भारतीय प्रौढांसाठी १८.५ च्या खाली कमी वजन, २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेली की धोका मानायचा. बीएमआय बरा असून कंबर जास्त असलेली माणसं आपल्याकडे पुष्कळ सापडतात: हातपाय बारीक, पोट सुटलेलं. त्यांना 'तुमचं ठीक आहे' म्हणून सोडू नका. झटपट खूण हवी असेल तर उंचीएवढी सुतळी घ्या आणि निम्मी दुमडा, ती कंबरेभोवती पुरली पाहिजे: कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी.

आशाताईंच्या सीबॅक फॉर्ममध्ये वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम आणि घरातला मधुमेह-रक्तदाब यांचे गुण मिळवतात. बेरीज ४ च्या वर गेली की त्या माणसाला तपासणीला आधी पाठवायचं. निपाणी भागात तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या कुटुंबांना तंबाखूचा प्रश्न नीट समजावून विचारा. पुष्कळ जण मिश्रीला तंबाखू धरतच नाहीत.

खाली दिलेल्या माणसांना आहार-व्यायामाचा सल्ला तुम्ही देऊ नका, आधी आरोग्य केंद्रात पाठवा:

- रक्तदाब १४०/९० किंवा जास्त. पाच मिनिटं शांत बसवून दुसऱ्यांदा मोजल्यावरही तेवढाच असेल तर.
- मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असलेले. एकदम जेवण कमी केलं किंवा उपाशीपोटी लांब चालले तर त्यांची साखर घसरून चक्कर येते.
- चालताना छातीत दुखणारे, दम लागणारे.
- गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया. त्यांचं वजन कमी करणं हा आपला विषय नाही.
- प्रयत्न न करता वजन उतरत असलेले. खोकला असो वा नसो, क्षयरोग आणि मधुमेह दोन्हींची तपासणी व्हायला हवी.

ज्या घरात आई जादा वजनाची आहे त्याच घरात मुलगी १८.५ च्या खाली आणि रक्त कमी असलेली सापडू शकते. मोजणीत दोन्ही टोकं दिसली पाहिजेत. 'सगळ्यांनी कमी खा' असा फलक लावलात तर सगळ्यात आधी ती मुलगीच ऐकते.

मुलांना प्रौढांचे आकडे लावू नका. पाच ते अठरा वर्षांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे वयानुसार तक्ते आहेत. पाचच्या आतल्या मुलांची नोंद अंगणवाडीत होते. वाढत्या मुलाचं वजन उतरवायचं नसतं. वजन आहे तिथे थांबवलं आणि उंची वाढू दिली की बीएमआय आपोआप खाली येतो.

५. तेल, साखर, ताट

घरातल्या तीनच गोष्टी धरा. सतरा सूचना दिल्या तर एकही राहत नाही.

*तेल.* नवा डबा फोडताना त्यावर खडूने तारीख लिहायची, संपला की तारीख लिहायची. पाच लिटरचा डबा म्हणजे साधारण ४५५० ग्रॅम. घरात ५ माणसं आणि डबा २८ दिवसांत संपला तर ४५५० भागिले १४०, म्हणजे माणशी दिवसाला ३२ ग्रॅमच्या वर. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक ताटात २००० कॅलरीसाठी तेल-तूप-लोणी मिळून २७ ग्रॅम धरलं आहे. बाहेरची भजी, वडापाव, बेकरीची खारी यांतलं तेल तुमच्या हिशेबात आलेलंच नाही, म्हणून घरच्या डब्याचं लक्ष्य माणशी २० ग्रॅमच्या आसपास ठेवा. एकदम निम्मं केलं तर भाजी बेचव लागते आणि आठवड्यात सासू-सासरे, नवरा, मुलं सगळी विरोधात जातात. दर महिन्याला दहावा हिस्सा कमी करा. डबा २८ ऐवजी ३१ दिवस पुरला की पहिला टप्पा पार.

फोडणीची पळी हा मोठा चोर आहे. आपल्या पळीत किती चमचे मावतात ते एकदा पाण्याने मोजून बघा, मग डब्यात पळीच्या जागी चहाचा चमचा ठेवा. तळणाचं तेल गाळून पुन्हा-पुन्हा तापवायचं नाही. २०२२ पासून खाद्यतेलात ट्रान्स फॅट (हृदयाला घातक चरबी) २ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम आहे, पण तेल वारंवार कढवलं की ते बिघडायचं ते बिघडतंच.

*साखर.* सपाट भरलेला चहाचा चमचा म्हणजे ४ ते ५ ग्रॅम. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे, म्हणजे चहातूनच ३२ ते ४० ग्रॅम. दिवसभराची मर्यादा २५ ग्रॅमच्या आसपास आहे. आपल्याकडे चहा एका पातेल्यात होतो, म्हणून एकट्याने साखर सोडणं जमत नाही; पातेल्याचीच साखर कमी करावी लागते. आठवड्याला पातेल्यामागे एक चमचा कमी करत गेलं तर महिन्याभरात जिभेला सवय होते. शीतपेयात १०० मिलीला १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे २५० मिलीच्या एका बाटलीत दिवसाची सगळी मर्यादा संपते.

आपण उसाच्या आणि गुऱ्हाळांच्या पट्ट्यात राहतो, त्यामुळे इथे एक समज फार घट्ट आहे: 'गुळाच्या चहाने वजन वाढत नाही.' वाढतं. गूळ आणि साखर यांच्या कॅलरी जवळजवळ सारख्याच आहेत. नाचणीचंही तसंच. खानापूर भागातली नाचणी उत्तम आहे, १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, तंतू आहेत. पण तिच्या कॅलरी तांदळाच्या जवळपास आहेत. भात तेवढाच ठेवून वर नाचणीची आंबील घेतली तर वजन वाढेलच. नाचणी भाताच्या जागी घ्यायची.

*ताट.* त्याच मार्गदर्शक ताटात दिवसाला भाज्या ४०० ग्रॅम, फळ १०० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, धान्य २५० ग्रॅम, दूध-दही ३०० मिली, शेंगदाणे-तीळ-सुका मेवा ३५ ग्रॅम असं माप आहे. बेळगाव-खानापूरच्या भातपट्ट्यात ताट उलटं असतं: भाताचा ढीग, वर पातळ आमटी, कडेला भाजी चवीपुरती. भात बंद करायला सांगू नका. कुणी ऐकणार नाही आणि तशी गरजही नाही. वाढण्याचा क्रम बदला. आधी वाटीभर भाजी आणि काकडी-मुळा-गाजर, मग उसळीबरोबर भाकरी, शेवटी एक वाटी भात. मटकी, मूग, हुलगे, पावटे, थंडीत ताजे वाटाणे, पावसाळ्यात टाकळा आणि कुर्डू हे सगळं आपल्या बाजारात आहे.

८५ ग्रॅम डाळ म्हणजे चौघांच्या घराला महिन्याला सुमारे १० किलो. आपल्या किराणा यादीतला आकडा त्याशेजारी लिहायला सांगा. या एका तुलनेने घरच्या बाईला जे कळतं ते तासभराच्या व्याख्यानाने कळत नाही.

उपासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीऐवजी उकडलेली रताळी आणि ताक. रताळी तर आपल्याच शेतातली आहेत.

६. शाळा आणि शाळेसमोरचं दुकान

जास्त तेल, साखर आणि मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. बहुतेक दुकानदारांना हा नियम माहीत नसतो आणि बहुतेक शाळांनाही. टेप घेऊन ५० मीटरची खूण आधी मुख्याध्यापकांबरोबर करून घ्या.

पण तक्रारीपासून सुरुवात करू नका. फाटकासमोर कुरकुरे-चिप्सच्या माळा लावून बसलेली मावशी त्याच गल्लीतली असते, तिचं घर त्या टपरीवर चालतं. तिच्याबरोबर बसून हिशेब करा. चिप्सच्या पाकिटावर तिला काय सुटतं ते विचारा आणि फुटाणे, उकडलेल्या शेंगा, केळी, पेरू, मक्याचं कणीस, उकडलेली रताळी यांवर काय सुटेल ते मांडा. पहिला महिना एसडीएमसीने उरलेला माल विकत घेण्याची हमी दिली तर ती तयार होते. हमी न देता उपदेश केला तर आठ दिवसांत माळा परत येतात. गोबी मंचुरीत कृत्रिम रंग वापरायला कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये बंदी घातली हे चांगलंच झालं, पण रंग गेला म्हणून कढईतलं तेल कमी झालेलं नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा.

अक्षर दासोहच्या (शाळेतल्या दुपारच्या) जेवणात पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ आणि ७५ ग्रॅम भाजी असं प्रमाण आहे. धान्य येतं, भाजी कमी पडते. एसडीएमसी सदस्याने महिन्यातून दोनदा, न सांगता, भाजीचं वजन करून वहीत लिहावं. १२० मुलांच्या प्राथमिक शाळेत दिवसाला ६ किलो भाजी दिसली पाहिजे. कमी असेल तर स्वयंपाक करणाऱ्या ताईंवर चिडू नका. त्यांच्या हातात जेवढं येतं तेवढंच त्या शिजवतात. गावातल्या भाजीवाल्या शेतकऱ्यांनी आठवड्याला एक दिवस वाटून घेतला तरी प्रश्न सुटतो, आणि शाळेत परसबागेला जागा असेल तर शेवगा, पालक, मेथी लावता येतात.

सीबीएसईने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेचा फलक लावायला सांगितलं आहे. आपल्या मराठी शाळांनाही तो करायला काही हरकत नाही. एका पुठ्ठ्यावर रिकाम्या बाटल्या आणि पाकिटं चिकटवायची आणि प्रत्येकाखाली छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत तेवढी साखर मोजून भरून लावायची. मुलांनाच काट्यावर साखर मोजू द्या. पाकिटावरचा आकडा बहुधा १०० ग्रॅमचा असतो आणि पाकीट ३० किंवा ६० ग्रॅमचं, तेव्हा त्रैराशिक मांडावं लागतं. गणिताच्या तासाला हे करता येतं.

मुलांना रोज ६० मिनिटं अंग हलवणारा खेळ हवा. खेळाचा तास परीक्षेच्या नावाखाली दुसऱ्या विषयाला जातो, तो परत मिळवणं हे एसडीएमसीचं काम आहे. खो-खो, लगोरी, दोरीउड्या, लेझीम. मैदान लहान असेल तरी चालतं.

७. चालणं आणि तालीम

प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे. मध्यम जोर म्हणजे चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. सलग अर्धा तास जमलाच पाहिजे असं नाही, दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडेही मोजले जातात.

'आम्ही दिवसभर राबतोच की' हे उत्तर तुम्हाला मिळेल, आणि ते टाळू नका. भाताच्या लावणीच्या दिवसांत खरोखरच वेगळ्या व्यायामाची गरज नसते. पण तीच बाई आता वर्षातले आठ महिने शिलाई मशीनवर बसते. वडगाव-शहापूरच्या मागावरचा विणकर आठ तास उभा असतो, पाय दुखतात, पण चालणं चार पावलांचंच. उद्यमबागेतल्या पाळीच्या कामगाराची झोप आणि जेवणाची वेळ दर आठवड्याला बदलते. अशांना 'पहाटे पाचला चला' सांगून उपयोग नाही. पाळी सुटल्यावरची वेळ ठरवून द्या आणि रात्रपाळीत डब्यात भाताऐवजी भाकरी-उसळ न्यायला सांगा.

रस्ता निवडताना स्वतः त्या वेळेला चालून बघा. ऊस तोडणीच्या हंगामात पहाटे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर अंधारात येतात. मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो आणि बाहेर आलेला ऊस बाजूने चालणाऱ्याला लागतो. त्या महिन्यांत मुख्य रस्ता सोडून शिवारातला गाडीरस्ता धरा, किंवा उजेड पडल्यावर निघा. नेहमी उजव्या कडेने, समोरून येणारं वाहन दिसेल असं चाला. पंचायतीकडे मागणी करताना 'रस्ता सुधारा' एवढंच लिहू नका. 'मारुती मंदिर ते शाळा, या चार खांबांवर दिवे नाहीत' असं खांब मोजून लिहा. शहरात टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपोचं मैदान आणि किल्ला तलावाचा परिसर आधीच चालणाऱ्यांनी भरलेला असतो. तिथे नवी जागा शोधायची गरज नाही, फक्त एकटीने येणाऱ्या बायकांना गट मिळवून द्या.

ताणाच्या व्यायामासाठी आपल्याकडे तालीम आहे. पुष्कळ गावांत ती संध्याकाळी तासभरच उघडते. सकाळचा एक तास बायका आणि मुलींसाठी ठेवण्याचा ठराव पंचांकडून करून घ्या. नवख्यांना पूर्ण बैठका लावू नका. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीला हात लावून जोर दहा वेळा, दोन फेऱ्या. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की चालण्याचे गट मोडतात, खानापूरकडे तर सप्टेंबरपर्यंत. त्याची तयारी मे महिन्यातच करा. समुदाय भवन किंवा देवळाचा मंडप तीन महिने, आठवड्यातले चार दिवस, लेखी ठरवून घ्या. झिम्मा-फुगडी, लेझीम आणि सूर्यनमस्कार आत करता येतात. मंगळागौरीचे खेळ अर्धा तास सलग खेळले तर चांगला घाम निघतो.

वजन कमी करण्याची स्पर्धा लावून बक्षीस ठेवू नका. लोक मोजणीच्या आदल्या दिवशी पाणी पीत नाहीत, जुलाबाच्या गोळ्या घेतात. बक्षीस द्यायचंच असेल तर हजेरीला द्या.

८. हळदीकुंकू आणि महाप्रसाद

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचा डबा देण्याऐवजी मापाच्या चमच्यांची जोडी द्या: एक ५ मिलीचा, एक १५ मिलीचा. तेल मोजायला तोच लागतो, आणि सोबत ते वापरायचे कसे हे सांगण्याची संधी आपोआप मिळते. मोजणीचं आमंत्रणही त्याच दिवशी द्या.

सप्ताह, पारायण आणि गणपतीच्या महाप्रसादात गोड काढून टाकायला सांगू नका. देवाचा शिरा असू द्या. गोड एकच ठेवा आणि तळणाचा एक पदार्थ कमी करून त्या जागी उसळ आणि कोशिंबीर घाला. शीतपेयाच्या बाटल्यांऐवजी ताकाचा पिंप. आचाऱ्याला ही यादी किराणा भरायच्या आधी द्या. सामान आल्यावर सांगितलं तर तो तेल परत करत नाही, वापरतो.

९. फेरमोजणी

पहिली मोजणी जानेवारीत केली असेल तर दुसरी एप्रिलमध्ये फक्त वजन आणि कंबरेची, तिसरी जुलैमध्ये, आणि पूर्ण मोजणी पुढच्या जानेवारीत. तोच काटा, तीच टेप, तीच वेळ, जमलं तर मोजणारीही तीच.

सहा महिन्यांत वजनाच्या ५ टक्के घट झाली तरी रक्तदाब आणि साखरेवर फरक दिसतो. ८० किलोच्या माणसाला ४ किलो पुरेसे आहेत. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरत असेल तर तो काय खातो ते विचारा. कुठली पावडर किंवा पुडी घेत असेल तर थांबवायला सांगून सीएचओंकडे न्या. वजन हललं नाही पण कंबर दोन सेंटिमीटरने उतरली, तर तीही प्रगती म्हणून त्याला सांगा.

हिशेब करताना फक्त आलेल्यांची सरासरी काढू नका. पहिल्यांदा ९० जणांची मोजणी झाली आणि दुसऱ्यांदा ५५ आले, तर न आलेल्या ३५ घरांत जाऊन कारण विचारा आणि वहीत लिहा: कामाची पाळी बदलली, बाळंतपण, गुडघेदुखी, 'वजन वाढलं म्हणून लाज वाटली'. शेवटचं कारण तीनपेक्षा जास्त वेळा आलं, तर मोजणीच्या जागी पडदा नीट लागत नाही किंवा आकडे बाहेर जात आहेत असं समजा आणि आधी ते दुरुस्त करा.

पंचायतीला आणि आरोग्य केंद्राला एक पानाचा अहवाल द्या, कानडी आणि मराठी दोन्हीत. त्यात नावं नकोत. किती जणांची मोजणी झाली, किती जणांना तपासणीला पाठवलं आणि त्यातले किती खरंच गेले, माणशी तेल किती होतं आणि किती झालं, शाळेची भाजी किती किलो, कोणत्या खांबावर अजून दिवा नाही. पोच घ्या आणि पहिल्या अर्जाच्या पोचेबरोबर त्याच फाइलीत लावा.